सरड्याची धाव, माजघरापर्यंत

१२ एप्रिल २०२५ च्या रात्री नागपूरहून भाच्याचा फोन आला. बंगळुरूला नोकरी लागली होती, महिन्याभरात हजर व्हायचं होतं, तरी आवाज रडवेला. "मावशी, तुऱ्याले तू ठेव नं. दुसरं कोणीच नाही गं." तुऱ्या म्हणजे त्याचा इग्वाना. हिरवा, पाठीवर काट्यांचा तुरा असलेला, शेपटीसकट सव्वा मीटरचा सरडा. सहा वर्षांपूर्वी भाचा कॉलेजात असताना वसतिगृह सोडून जाणाऱ्या एका मुलाने वीतभर पिल्लू त्याच्या हाती दिलं होतं. तेव्हापासून तो चार फुटी पिंजऱ्यात वाढला.

आमचं गाव वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावापासून १४ किलोमीटर आत. पुढे कवेलूचं, म्हणजे कौलारू, जुनं घर, मागे स्लॅबच्या दोन खोल्या. घरात हे, मी आणि ७९ वर्षांच्या सासूबाई. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून २०२३ ला निवृत्त झाले. गाई, बैल, मांजरी आयुष्यभर सांभाळल्या, पण सरडा पाळायचा म्हटल्यावर पहिले दोन दिवस माझ्या पोटात गोळाच आला होता. तेव्हा खेड्यातल्या घरात हे कसं करायचं, ते मराठीत सांगणारं मला काहीच मिळालं नाही. वर्षभरात जे जसं घडलं, ते तसंच लिहिते आहे.

सुरुवातीलाच सांगते, हे वाचून कोणी इग्वाना विकत आणू नये. हा प्राणी मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, १५ ते २० वर्षं जगणारा. आणि आपल्याकडची घोरपड किंवा दुसरा कुठला रानातला सरडा पकडून घरात ठेवणं तर गुन्हाच आहे. घोरपड १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येते, म्हणजे तिला वाघाइतकंच संरक्षण आहे. माझा अनुभव कामी येईल तो ज्यांच्या गळ्यात असा प्राणी आधीच येऊन पडला आहे त्यांना. सोडून देणं हा मार्ग नाही. आपल्या हिवाळ्यात तो गारठून मरेल, आणि जगलाच तर इथल्या झाडापाल्याला आणि प्राण्यांना जड जाईल.

२० एप्रिलला, रविवारी, पहाटे चारला नागपूरहून निघालो. एप्रिलात आमच्याकडे नऊ वाजताच रस्ता तापतो, म्हणून ऊन चढण्याआधी घरी पोचायचं ठरवलं होतं. भाच्याने त्याला उशीच्या सुती अभ्र्यात घातलं, तोंड सैल बांधलं आणि अभ्रा भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवला. अंधारात तो शांत राहतो. पूर्ण वाट क्रेट मांडीवर होता आणि आतून एकही आवाज आला नाही. मी दर दहा मिनिटांनी हात लावून बघत होते.

घरी सासूबाई ओसरीवरच बसल्या होत्या. "बाप्पा! हे तं घोरपड आणली वं घरात!"

"घोरपड नाही आई, परदेशी सरडा आहे. पाला खाते."

"नुसता पाला?"

"नुसता पाला."

त्यांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मंग राहू दे. बकरीसारखंच हाय."

पहिला महिना तो पिंजऱ्यातच राहिला. नवीन जागा, नवीन वास, नवीन माणसं, त्यातच खोलीत मोकळं सोडलं तर तो कुठेतरी फटीत घुसून बसेल आणि खाणंपिणं टाकेल, असं नागपूरच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. निघण्याआधी त्याला त्यांच्याकडे तपासून घेतलं होतं. तपासणीचे ६०० आणि शेणाची जंतांसाठी चाचणी ३५० रुपये. वजन २ किलो १०० ग्रॅम भरलं, म्हणजे लांबीच्या मानाने कमीच. खालचा जबडा बोटाने दाबून बघत ते म्हणाले, "हाड थोडं मऊ लागतंय. कॅल्शियम कमी पडलंय, आणि लाइटही." तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनाही मी नंतर भेटले. ते सरळ म्हणाले, "मॅडम, मी सरड्याला आजवर हात लावला नाही, पण अडलं-नडलं तर नागपूरच्या डॉक्टरांशी फोनवर बोलून करू." हा प्रामाणिकपणा पुढे फार कामी आला. आपल्याजवळ असा प्राणी असेल तर दोन्ही डॉक्टरांचे नंबर आधीच गाठीशी ठेवा. आजारी पडल्यावर शोधायला वेळ राहत नाही.

आता कागदांचं. २८ फेब्रुवारी २०२४ ला केंद्र सरकारने असे प्राणी पाळणाऱ्यांसाठी नोंदणीचे नियम काढले. ज्यांच्याकडे प्राणी आधीपासून होते त्यांना सहा महिन्यांची मुदत होती, आणि त्यानंतर ज्याच्याकडे प्राणी येईल त्याने ३० दिवसांच्या आत अर्ज करायचा. हे सगळं परिवेश २.० या पोर्टलवर होतं आणि अर्ज राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडे जातो. इग्वाना सायटिस या, प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीतला, म्हणून आपल्या कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत. भाच्याने मुदत संपायच्या आत, ऑगस्ट २०२४ मध्ये, १००० रुपये शुल्क भरून तुऱ्याची नोंदणी करून ठेवली होती. त्याने ते केलं नसतं तर पुढे माझी काय गत झाली असती, हे पुढे येईलच.

९ मेला तालुक्याच्या सेतू केंद्रात गेले. तिथल्या मुलाने असा अर्ज कधी पाहिला नव्हता. आधी फोटोची साइज बसेना, मग ओटीपी येईना, मग वीज गेली. दुसऱ्या दिवशी परत गेले तेव्हा अर्ज गेला. जवळ ठेवले होते ते कागद असे: माझं आधार, भाच्याच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, आम्हा दोघांच्या सहीचं पत्र, तुऱ्याचे डावीकडून, उजवीकडून आणि वरून काढलेले फोटो, डॉक्टरांचा तपासणी कागद आणि तो राहणार त्या खोलीचा हाताने काढलेला नकाशा. सगळे लागले असं नाही, पण जवळ असले की दुसरी फेरी वाचते. सेतूचे १५० रुपये आणि एसटीचं दोन दिवसांचं भाडं. भाच्यानेही त्याच्या बाजूने प्राणी दिल्याचं पोर्टलवर कळवलं. जूनच्या मध्यात वनरक्षक खोली बघून गेले, आणि जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात प्रमाणपत्र आलं. मी त्याच्या तीन प्रती काढल्या. एक कपाटात, एक मोबाइलमध्ये, एक खोलीच्या दारामागे.

खोलीवरून मात्र घरात पेच पडला. मागच्या दोन खोल्यांपैकी एक आमची झोपायची, दुसरी कापसाची. कापूस मार्चमध्येच विकला होता, खोली रिकामी होती. यांचं म्हणणं एकच, "दसऱ्याले कापूस घरी येईन, तो कुठं ठेवाचा मंग?" त्या दिवशी माझ्याकडे याचं उत्तर नव्हतं. दसरा लांब आहे, एवढंच म्हटलं.

कापसाची खोली म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यात सरकी, तंतू आणि फवारणीचं सामान. औषधांच्या रिकाम्या बाटल्या तिथेच खिडकीत उभ्या होत्या. २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त माणसं गेली, ते आम्ही शेजारच्या जिल्ह्यात बसून पाहिलंय. जे माणसाला मारतं ते दोन किलोच्या जिवाचं काय करेल? बाटल्या आणि पंप गोठ्यामागच्या कुलपाच्या खोलीत गेले. खोली तीनदा साबणाच्या पाण्याने धुतली, चुना मारला, आठ दिवस दारं-खिडक्या उघड्या ठेवून वाळवली.

मग मी एक काम केलं, ते सगळ्यांना सांगते. जमिनीवर पोटावर झोपले आणि टॉर्च घेऊन सगळी खोली सरपटत पाहिली. उभं राहून जे दिसत नाही ते तिथून दिसतं. दाराखाली दोन बोटांची फट. मोरीचं उघडं भोक, त्यातून मनगट जाईल एवढं. लोखंडी कपाटामागे चार बोटांची सांद, जिथे तो शिरला तर शेपटीला धरूनच ओढावं लागलं असतं, आणि इग्वानाची शेपटी ओढली की तुटते. कपाटाखाली एक रुपयाचं नाणं, दोन रबर, सुतळीचे तुकडे, केसांचा गुंता. हे प्राणी जिभेने चाचपत फिरतात आणि लहानसहान वस्तू गिळतात. त्या आतड्यात अडकल्या की ऑपरेशनशिवाय इलाज नसतो. उंदरांसाठी ठेवलेला गोंदाचा पुठ्ठा, भिंतीवरच्या मुंग्यांच्या खडूच्या रेघा, गव्हाच्या कोठीतल्या विषारी गोळ्या, हे सगळं बाहेर काढलं. दाराखाली लाकडी पट्टी ठोकली, मोरीला स्टीलची जाळी, खिडक्यांना वेल्डमेश. मच्छरजाळीचा काही उपयोग नाही, त्याच्या नखांनी ती एका दुपारीत फाटते. सीलिंग फॅन काढूनच टाकला. सुतार, जाळी, चुना धरून ५,४०० रुपये लागले.

उजेड आणि ऊब यांवर सगळ्यात जास्त पैसे गेले, आणि तिथे काटकसर करता येत नाही. सरड्याच्या अंगात स्वतःची ऊब नसते. बाहेरून मिळाली तरच पोटातलं अन्न पचतं. दिवसा खोली २६ ते ३२ अंश, शेकायला एक जागा ३५ च्या आसपास, रात्री २२ च्या खाली नको. आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्यांना न दिसणारे एक प्रकारचे किरण, मिळाले तरच कॅल्शियम हाडात जातं. खिडकीच्या काचेतून ऊन आलं तरी यूव्हीबी येत नाही, काच ते अडवते. मला वाटलं होतं पूर्वेच्या खिडकीत बसवलं की झालं. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा भाच्याच्या खोलीत त्याचा जबडा का मऊ पडला, तेही कळलं. यूव्हीबी ट्यूब आणि तिची पट्टी मिळून ४,२०० रुपये, शेकायचा बल्ब आणि त्यावर तारेची टोपली ९००, दोन थर्मामीटर ५००. टोपली नसेल तर तो बल्बला बिलगून बसतो आणि पोट भाजून घेतो. शेकायला लाकडी फळी माझ्या छातीच्या उंचीवर लावली. झाडावरचा प्राणी आहे, त्याला खालून नाही, वरून जग बघायचं असतं.

२३ मेला, शुक्रवारी सकाळी दहाला, पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं आणि मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले. साडेअकरापर्यंत काहीच झालं नाही. मग एक पाय बाहेर आला. नखं लांब, बोटं सडपातळ, चौथं बोट सगळ्यात लांब. तो पाय चुन्याच्या भिंतीपाशी थांबला, जीभ बाहेर आली, भिंतीला लागली, आत गेली. असं करत करत अर्ध्या तासात तो फळीपर्यंत पोचला. डोळा मिटला. गळ्याखालची झालर सैल सोडली. माझ्या पुस्तकाचं एक पानही उलटलं नव्हतं.

पहिले पंधरा दिवस रोज एकच तास, आणि मी समोर असतानाच. पुढचे पंधरा दिवस तीन तास. एकदा मी वरून हात नेला आणि शेपटीचा असा फटका बसला की मनगटावर दोरी ओढल्यासारखा लाल वळ उठला. चूक माझी होती. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट खवला असतो, तो त्याचा तिसरा डोळा. त्याने दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली की त्याला घार आल्यासारखं वाटतं. तेव्हापासून मी बाजूने जाते, आधी बोलते, मग पोटाखाली हात घालते. जास्वंदाचं लाल फूल हातात असलं तर तो आपणहून येतो.

एका सकाळी त्याच्या नाकपुड्यांभोवती पांढरा थर आणि काचेवर पांढरे शिंतोडे दिसले. सर्दी झाली म्हणून मी घाबरून फोन केला. डॉक्टर म्हणाले, "मीठ आहे ते. अंगातलं जास्तीचं मीठ ते शिंकून बाहेर टाकतात." पुसून घेतलं, झालं.

शी-शूचा प्रश्न मला सगळ्यात अवघड वाटला होता, पण तो सगळ्यात सोपा निघाला. या प्राण्यांना पाण्यात उरकायची सवय असते. घमेल्यात कोमट पाणी भरून रोज सकाळी नऊला त्याला त्यात बसवलं. बारा-तेरा दिवसांत तो आपणच घमेल्याकडे जाऊ लागला. घमेलं वेगळं, पोतेरं वेगळं, ते धुवायची जागाही वेगळी. त्याच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात, दिसायला कितीही स्वच्छ दिसला तरी. म्हणून स्वयंपाकघर त्याला कायमचं बंद, आणि हात लावला की साबणाने धुतलेच पाहिजेत. सासूबाईंचं वय आणि शेजारचं दीड वर्षाचं लेकरू, या दोघांसाठी हा नियम मी एकदाही मोडला नाही.

खाण्याचं आपल्या खेड्यात शहरापेक्षा बरं आहे. शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदाची पानं-फुलं, किसलेला भोपळा, दोडकं. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. मांस, अंडी, किडे काहीच नाही, त्याने त्याची किडनी खराब होते. पण धुऱ्यावरचा, म्हणजे शेताच्या बांधावरचा, पाला मी कधीच आणत नाही. कपाशीवर फवारलं की वारा ते धुऱ्यावर नेतो. परसातलीच दोन शेवग्याची आणि चार जास्वंदीची झाडं त्याच्यासाठी राखली आहेत.

मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक तापणारे नऊ दिवस, लागला. स्लॅबची खोली दुपारी ४१ वर जायची. तो तोंड उघडं टाकून बसला की समजावं, फार तापलंय. कुलर लावला, पण त्याचा झोत थेट त्याच्यावर येणार नाही असा भिंतीकडे वळवून. कुलरचा एक फायदा असा की हवेत ओल येते, आणि ती त्याला लागतेच. गच्चीवर पांढरा चुना, खिडकीवर ओलं पोतं, आणि दुपारी बल्ब बंद, फक्त ट्यूब चालू. खोली ३३ वर आली. कुलरच्या पंपाची वायर पाइपात घातली होती, तो वायरवरून चढतो म्हणून.

मग माझ्याकडून घाई झाली.

जुलैअखेरीस तो इतका रुळला होता की मी मधलं दार उघडून त्याला माजघरात येऊ देऊ लागले. माजघर कवेलूचं. खांब, आढं, वासे. झाडावरच्या प्राण्याला यापेक्षा काय हवं. मी खालची प्रत्येक फट पाहिली होती, वर पाहिलं नव्हतं. ७ ऑगस्टला दुपारी मी दूध तापवायला गेले, पाच मिनिटं. परत आले तर खांबावर नखांचे ओरखडे आणि वर आभाळाचा एक तुकडा. वानरांनी सरकवलेलं कवेलू होतं ते. त्या फटीतून तो गेला होता.

ते चाळीस तास मी विसरणार नाही. पाऊस चालू होता. मांजरं, कुत्री, मुंगूस, आणि सगळ्यात जास्त भीती माणसांची, कारण आमच्या भागात घोरपड दिसली की आजही काठी निघते. हे रात्री दोनदा कंदील घेऊन शेताकडे जाऊन आले. एक शब्द बोलले नाहीत. ९ तारखेला पहाटे शेजारच्या वाड्यातून ओरडा आला, "घोरपड! घोरपड!" तो त्यांच्या शेवग्यावर होता. पोट्ट्यांनी दगड मारले, एकाने चढून शेपटी धरली. मी पोचले तोवर शेपटीचं वीतभर टोक खाली चिखलात पडलं होतं आणि वळवळत होतं. तुऱ्या गारठून काळपट पडला होता, फांदीला नुसता चिकटलेला. मी पदरात घेतला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले.

तालुक्याच्या डॉक्टरांनी शब्द पाळला. नागपूरला फोन लावला, जखम धुतली, पट्टी बांधू नका म्हणाले, आठ दिवस खाली जुने सुती कपडे अंथरा आणि जखम कोरडी ठेवा. ३०० रुपये. टोक पुन्हा वाढतं आहे, पण काळं आणि सरळसोट, त्यावर पूर्वीचे पट्टे नाहीत.

दोन दिवसांनी, ११ ऑगस्टला, वनविभागाचे दोघे दारात. गावातून कोणीतरी कळवलं होतं की मास्तरीणबाईंनी घोरपड पाळली. कोणी कळवलं ते मी विचारलं नाही. कळवणाऱ्याचं चुकलंही नव्हतं, खरंच घोरपड असती तर कळवायलाच हवं होतं. दारामागचं प्रमाणपत्र काढून दिलं. जूनमध्ये येऊन गेलेले वनरक्षकच होते. त्यांनी जमलेल्या लोकांना ओसरीवर बोलावून तुऱ्या जवळून दाखवला. घोरपडीची जीभ सापासारखी दुभंगलेली, याची आखूड आणि जाड. घोरपडीच्या पाठीवर तुरा नाही, याच्या मानेपासून शेपटीपर्यंत काटे. याच्या गळ्याखाली झालर, आणि कानाच्या खाली गालावर हा मोठा गोल खवला, बंद्या रुपयाएवढा, तो घोरपडीला कधीच नसतो. ज्या पोराने शेपटी धरली होती तो सगळ्यात पुढे उभा होता. त्याने हळूच विचारलं, "मॅडम, त्याले दुखलं असन का?" मी हो म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी तो परसातला शेवगा तोडून देतो.

माजघराला आढ्याखाली तारेची जाळी ताणून घेतली. ६,८०० रुपये आणि चार दिवस मजुरी. ती पूर्ण होईपर्यंत मधल्या दाराला कुलूप होतं.

ऑक्टोबरात कापूस आला. पहिली वेचणी यांनी न सांगता आमच्या झोपायच्या खोलीत टाकली आणि आमची खाट ओसरीवर काढली. "त्याची जागा बदलली तं तो पुन्हा खाणं टाकीन," एवढंच म्हणाले. डिसेंबरात भाव बघून कापूस विकेपर्यंत आम्ही दोघं ओसरीवर झोपलो. थंडी होती, पण त्या बोलण्याने मला जे वाटलं ते इथे लिहून सांगता येणार नाही.

थंडी हा शेवटचा घाट. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंशांच्या खाली जातात, आणि वीज नेमकी तेव्हाच जाते. उजेड न देणारा सिरॅमिक हीटर १,१०० रुपयांना मागवला, तो थर्मोस्टॅटवर चालतो. इन्व्हर्टरवर हीटर फार वेळ टिकत नाही, म्हणून वीज गेली की गरम पाण्याच्या बाटल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या झोपायच्या पेटीत ठेवायच्या आणि वरून वाकळ. एकदा रात्री तीनला उठले तर सासूबाई आधीच चुलीवर पाणी ठेवून बसलेल्या. "लाइन गेली नं वं. ते लेकरू गारठन."

आज १२ एप्रिल २०२६. तुऱ्या सकाळी आठ ते संध्याकाळी सहा कापसाच्या खोलीत आणि माजघरात फिरतो, रात्री पेटीत झोपतो. मध्ये उंबरठा आहे त्याच्या दोन्ही बाजूंना खडूने लिहिलं आहे, "आधी खाली पहा, मग पाय ठेवा." पाहुणे आले की दार बंद. लहान मुलं आली की तो पेटीत. वजन परवा कापसाच्या ताणकाट्यावर केलं, २ किलो ९०० ग्रॅम. जबडा दाबून पाहिला, टणक लागतो.

ट्यूबवर मी लावली त्या दिवशीची तारीख मार्करने लिहून ठेवली होती, २ मे २०२५. उजेड दिसत राहिला तरी यूव्हीबी हळूहळू संपतं, सहा महिने ते वर्षात ट्यूब बदलावी लागते. वर्ष भरत आलं, म्हणून नवी मागवली. कालच आली. आज दुपारी हे शिडीवर चढून ती बसवत होते आणि तुऱ्या फळीवर बसून वर बघत होता.